बारा मैलांच्या रेषेवरची विद्यापीठे

संसदेच्या प्रश्नोत्तरांच्या तासात समुद्राविषयी काही विचारू पाहणाऱ्या सदस्याला पहिली अडचण येते ती पत्त्याची. मासळी घटली असेल तर प्रश्न मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्रालयाकडे जातो. खोल समुद्रातील संशोधनाचा असेल तर भूविज्ञान मंत्रालयाकडे, खारफुटीचा किंवा किनारा नियमन क्षेत्राचा असेल तर पर्यावरण मंत्रालयाकडे, बंदराचा वा जहाजाचा असेल तर जहाजवाहतूक मंत्रालयाकडे, आणि तळाच्या वाळूचा असेल तर खाण मंत्रालयाकडे. या सगळ्यांविषयीचे ज्ञान जिथे निर्माण व्हावे अशी अपेक्षा असते ती विद्यापीठे शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. मात्र मत्स्यविज्ञान शिकवणारी विद्यापीठे तिथेही पुरती बसत नाहीत, कारण त्यांचे अभ्यासक्रम कृषी मंत्रालयाच्या छत्राखालील भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवते. समुद्राचे संवर्धन आणि सागरी संपत्तीचा जपून वापर यांत विद्यापीठांनी मोलाची भूमिका बजवावी, असे वाक्य प्रत्येक राष्ट्रीय धोरणात सापडते. ती कोणत्या बळावर बजवावी, याचे उत्तर या सहा-सात मंत्रालयांपैकी एकाकडेही नाही.

या गोंधळाचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील एकविसावा विषय. पण प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी संघसूचीत, सत्तावन्नाव्या क्रमांकावर. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने ही सीमा बारा सागरी मैलांवर आखली. शेती व शेतीचे शिक्षण राज्यांकडे, उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे केंद्राकडे आणि एकूण शिक्षण बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. म्हणजे किनाऱ्यावरच्या मत्स्य विद्यापीठाचा प्राध्यापक होडीतून निघाला तर बारा मैलांपर्यंत तो राज्याच्या विषयाचा अभ्यास करतो आणि तेराव्या मैलापासून केंद्राच्या. मासा अर्थातच ही रेषा पाळत नाही. यात आणखी एक विसंगती आहे. पहिल्या बारा मैलांतला मासा राज्याचा असला तरी त्या माशाखालची वाळू मात्र घटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार संघराज्याची, म्हणजे केंद्राची आहे.

विद्यापीठ समुद्रासाठी नेमके काय करू शकते, याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र समुद्रातले नाही, नदीतले आहे. मे २०२४ मध्ये कोचीजवळ पेरियार नदीत एलूर-एडयार या औद्योगिक पट्ट्याच्या खालच्या अंगाला एका रात्रीत प्रचंड प्रमाणावर मासे मेले. खाडीतील पिंजऱ्यांत मत्स्यपालन करणाऱ्यांचा हंगाम हातचा गेला आणि संतप्त लोकांनी मेलेली मासळी सरकारी कार्यालयासमोर आणून टाकली. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निष्कर्ष असा की, पातालम येथील नियामक बंधाऱ्याची दारे उघडल्याने पाण्यातील प्राणवायू एकाएकी घटला. यात कारखान्यांचे नाव येत नव्हते. पनंगाड येथील केरळ मत्स्य व सागरी अध्ययन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तेव्हा अमोनिया आणि सल्फाईड घातक पातळीवर असल्याचे त्यांच्या प्राथमिक अहवालात आले. एकाच राज्य सरकारच्या दोन संस्था, पाणी एकच, निष्कर्ष मात्र वेगळे. दोष अखेर कोणाकडे जातो हा पुढचा प्रश्न. विद्यापीठाची प्रयोगशाळा तिथे नसती, तर मंडळाचा अहवाल हाच एकमेव अहवाल राहिला असता आणि मासे पाळणाऱ्यांना भरपाई मागताना हातात धरायला कागदही मिळाला नसता.

याच विद्यापीठाने वेंबनाड सरोवराचा अभ्यास करून, १९०० ते २०२० या काळात त्याची जलधारणक्षमता सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे दाखवून दिले आहे. भराव कोणी घातले आणि त्यांना परवानगी कोणी दिली, हे प्रश्न त्या आकड्यामागोमाग येतातच. खात्याच्या कर्मचाऱ्याने हा आकडा फायलीत लिहायचा म्हटले तर चार वेळा विचार करावा लागेल. विद्यापीठाचे पहिले सामर्थ्य तेच, की पगार सरकारी असला तरी मत खात्याचे नसते. निदान नसावे.

हे सामर्थ्य किती ठिसूळ आहे ते पाहायचे तर त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदाचा इतिहास पाहावा. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले हे देशातील पहिले मत्स्य विद्यापीठ. ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळचे तत्कालीन राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी नऊ कुलगुरूंचे राजीनामे मागितले, त्यांत याही कुलगुरूंचा समावेश होता. नोव्हेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यांची नेमणूक रद्द ठरवली. खटल्यातील मुद्दा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोहात पाडणारा होता. मत्स्यविज्ञान हे कृषिशिक्षण आहे, कृषिशिक्षण राज्याचा विषय आहे, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम इथे लागू होत नाहीत, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. त्यानंतर विद्यापीठाचा कारभार दीर्घकाळ प्रभारी कुलगुरूंवर चालला. पेरियारमध्ये मासे मेले तेव्हाही पूर्णवेळ कुलगुरू नव्हते.

न्यायालयाचा निर्णय चूक होता असे येथे सुचवायचे नाही. पात्रतेचे निकष पाळले गेलेच पाहिजेत. परंतु राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यातील झुंजीत अडकलेल्या विद्यापीठात नव्या प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, दीर्घ मुदतीचे प्रकल्प हाती घेतले जात नाहीत आणि प्रभारी माणूस प्रदूषण करणाऱ्या कारखान्याशी वैर घेण्याचे सहसा टाळतो. पनंगाडच्या शास्त्रज्ञांनी ते टाळले नाही, याचे श्रेय त्यांचे, व्यवस्थेचे नव्हे.

तामिळनाडूत याचीच दुसरी आवृत्ती घडली. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी रोखलेली दहा विधेयके संमत झाल्याचे मानले, त्यांत त्या राज्याच्या मत्स्य विद्यापीठाविषयीचे विधेयकही होते. पुढे २० नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना घटनापीठाने अशा गृहीत संमतीची कल्पनाच अमान्य केली. दिल्लीत या दोन्ही निर्णयांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले, प्रस्तुत प्रतिनिधीनेही लिहिले. त्यांत नागपट्टिणमच्या विद्यापीठाचे नाव क्वचितच आले आणि मन्नारच्या आखाताचे तर नाहीच.

दाव्याला पुरावा हवा

विद्यापीठाचे दुसरे काम अधिक नीरस, म्हणूनच अधिक दुर्लक्षित आहे. ते म्हणजे नोंदी ठेवण्याचे. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्यापासून साधारण साडेचौदा सागरी मैलांवर बुडाले. तेरा कंटेनरांत धोकादायक माल होता, पैकी बारांत कॅल्शियम कार्बाईड. टाक्यांत शेकडो टन इंधनतेल होते. काही दिवसांतच प्लास्टिकचे बारीक पांढरे मणी तिरुवनंतपुरमच्या वाळूवर पसरले. राज्याने ही आपत्ती जाहीर केली आणि उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला.

या रकमेची फोड उद्बोधक आहे. मच्छीमारांच्या नुकसानीपोटी सुमारे ५२६ कोटी, उपाययोजनांसाठी सुमारे ३७८ कोटी आणि पर्यावरणाच्या हानीपोटी ८,६२६ कोटी. म्हणजे दाव्याचे नव्वद टक्के पर्यावरणावर उभे आहेत. जहाज बारा मैलांच्या रेषेपलीकडे बुडाले असल्याने राज्याला दावा लावण्याचा अधिकारच नाही, अशी हरकत कंपनीने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तूर्त सुमारे १,२२७ कोटींची हमी मागितली, ती राज्याच्या मागणीच्या मानाने फार कमी होती.

मासेमारी किती दिवस बंद राहिली, हे मोजता येते. पर्यावरणाची हानी मोजायची तर अपघातापूर्वी तिथे काय होते हे सांगता यावे लागते. त्या पट्ट्यात तळाच्या चिखलात कोणते कृमी होते, शिंपल्यांत जड धातू किती होते, पाण्यातल्या प्लवकांची घनता मे महिन्यात साधारण किती असते, वाळूत प्लास्टिकचे मणी आधीपासूनच होते काय, हे प्रश्न प्रतिवादीचा वकील विचारणारच आणि त्यांची उत्तरे दहा-वीस वर्षांच्या सलग नोंदींवाचून देता येत नाहीत. अशा नोंदी ठेवण्याचे काम निवडणुकीच्या किंवा योजनेच्या मुदतीत मावत नाही. दर महिन्याला त्याच ठिकाणी जाऊन त्याच पद्धतीने पाणी भरणारा विद्यार्थी हवा, तो पदवी घेऊन गेला की त्याच्या जागी दुसरा हवा, आणि दोघांच्या वह्या सांभाळणारा विभाग हवा. हे फक्त विद्यापीठालाच परवडू शकते, कारण विद्यार्थी हाच त्याचा न आटणारा झरा आहे. पण संशोधनाचे अनुदान तीन वर्षांचे असते. चौथ्या वर्षी बाटल्या कपाटात जातात.

आपल्याकडे अशी सलग मोजणी झालीच नाही असे नाही. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे नमुना घेणारे कर्मचारी अनेक दशके बंदराबंदरांवर उतरलेली मासळी मोजत आले. त्यामुळेच केरळमध्ये तारलीचे उत्पादन २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होते आणि २०२१ मध्ये ते अवघ्या ३,२९७ टनांवर आले, हे आज निश्चितपणे सांगता येते. याच संस्थेच्या शिफारशीवरून केरळने ५८ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटसह ५४ जातींसाठी तसेच केले. परंतु ही संस्था विद्यापीठ नव्हे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही नव्हे, ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर आपण संशोधन संस्थांत आणि अध्यापन विद्यापीठांत अशी वाटणी केली. तिचे फायदे झाले. पण उत्तम जहाजे, उपकरणे आणि माणसे संस्थांकडे गेली व विद्यापीठांकडे उरले ते वर्ग आणि परीक्षा.

याला सन्माननीय अपवाद आहेत. तामिळनाडूत परंगिपेट्टै येथे वेल्लार नदीच्या मुखाशी अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र साठच्या दशकापासून काम करीत आहे. शेजारी पिचावरमचे खारफुटीचे वन. २००४ च्या त्सुनामीनंतर तेथील संशोधकांनी अठरा किनारी वस्त्यांची पाहणी करून, खारफुटीने लाटेचा मारा कमी केला असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला. परदेशी अभ्यासकांनी त्यातील संख्याशास्त्रावर आक्षेप घेतले. वस्ती समुद्रापासून किती दूर आणि किती उंच, याचाच परिणाम अधिक असावा, असे त्यांचे म्हणणे होते. वाद रीतसर शोधपत्रिकेत झाला. खारफुटी राखावी की नाही हा त्या वादाचा विषय नव्हता. ती राखल्याने नेमके किती संरक्षण मिळते, हा होता. किनाऱ्यावर घर बांधू पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जिवावरचा आहे. विद्यापीठाने समुद्राच्या बाजूने बोलावे म्हणजे घोषणा द्याव्यात असे नाही. आपले म्हणणे तपासून घेण्यासही तयार असावे. (हेच अण्णामलै विद्यापीठ पुढे आर्थिक संकटात सापडले आणि २०१३ मध्ये राज्य सरकारला ते ताब्यात घ्यावे लागले.)

महाराष्ट्राची कथा थोडी विनोदी आहे. राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि ते कोणाकडे असावे यावर वर्षानुवर्षे खल झाला आहे. गोड्या पाण्यातील मत्स्यपालनासाठी विदर्भातील तलावांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तरीही पर्ससीन जाळ्यांवरून कोकणच्या बंदरांत होणाऱ्या हाणामाऱ्यांचे उत्तर नागपूरच्या विद्वत्परिषदेत सापडेल, अशी आशा कोणी बाळगू नये. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिला १९८९ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे आणि देशभरच्या मत्स्य खात्यांना तिने अधिकारी पुरवले आहेत. मात्र तिचेही धनी दिल्लीतच. समुद्राशी थेट निगडित असे केंद्रीय विद्यापीठ संसदेने २००८ मध्ये कायदा करून चेन्नईत स्थापले खरे, पण भारतीय सागरी विद्यापीठाचा भर जहाज चालवण्यावर, त्याच्या यंत्रांवर आणि बंदरांच्या व्यवस्थापनावर आहे. ते गरजेचे आहे. त्यात समुद्राचा पृष्ठभाग येतो, समुद्र येत नाही.

एकाच अधिवेशनातले दोन कायदे

२०२३ चे पावसाळी अधिवेशन मणिपूरवरील गदारोळामुळे लक्षात राहिले. त्या गदारोळातच दोन विधेयके संमत झाली, त्यांची सांगड तेव्हा कोणी घातली नाही. एक होते अपतट खनिजांविषयीच्या कायद्यातील दुरुस्तीचे. त्यामुळे समुद्रतळातील खनिजांचे पट्टे लिलावाने पन्नास वर्षांसाठी देता येऊ लागले. दुसरे होते अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनात आणायचे, त्यांतील मोठा वाटा खासगी क्षेत्राने उचलायचा आणि विशेषतः राज्यांच्या विद्यापीठांत संशोधनाची बीजे पेरायची, असा त्याचा हेतू सांगण्यात आला.

पहिल्या कायद्याचे फळ लवकर दिसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा पट्ट्यांचा लिलाव पुकारण्यात आला. गुजरातच्या समुद्रात चुनखडीच्या गाळाचे तीन, कोल्लमच्या समुद्रात बांधकामाच्या वाळूचे तीन आणि ग्रेट निकोबारजवळ बहुधात्विक खनिजांचे सात. कोल्लमचा उंचवटा ही केरळच्या मच्छीमारांची पिढ्यान्‌पिढ्यांची जागा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे किनारा बंद पाळण्यात आला. वाळू किती आहे हे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मोजले होते. त्या वाळूवर काय जगते, हे लिलावाआधी कोणी सविस्तर मोजून संसदेपुढे ठेवले नाही. वाळूचे टन मोजायला एक मोहीम पुरते. तिथल्या माळेमासळीची, प्रवाळांची आणि अंडी घालण्याच्या ऋतूंची नोंद करायला निदान तीन-चार पावसाळे पाहावे लागतात, शिवाय जाळी टाकणाऱ्यांना विचारावे लागते. हे काम जवळच्या विद्यापीठाचेच. या कायद्यात खनिज न्यासाची तरतूद आहे आणि अपतट उत्खननाचे दुष्परिणाम कमी करण्याच्या संशोधनासाठी त्याचा पैसा वापरता येतो. परंतु तो पैसा उत्खनन सुरू झाल्यावर जमणार. उत्खनन करावे की नाही हे ठरवणारा अभ्यास त्यावर होऊ शकत नाही. क्रम उलटा हवा होता. संशोधन प्रतिष्ठानाच्या निधीतून किनाऱ्यावरच्या राज्य विद्यापीठांना दहा वर्षांची निरीक्षणकेंद्रे दिली, तर तो अजूनही सुलटा करता येईल. खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी मंजूर झाले. सहा हजार मीटर खोल माणूस उतरवण्याची ती महत्त्वाकांक्षा मोलाची आहे, पण मच्छीमाराचा संबंध येतो तो पहिल्या दोनशे मीटरांशी.

विद्यापीठांचाही यात दोष आहे, तो झाकता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांपैकी चौदावे उद्दिष्ट सागरी जीवनाचे. या उद्दिष्टांवरून विद्यापीठांची जागतिक क्रमवारी लावण्याची प्रथा २०१९ पासून सुरू झाली आणि तेव्हापासून किनारा स्वच्छतेच्या छायाचित्रांना भलताच बहर आला आहे. शंभर विद्यार्थी, शंभर टोप्या, एक फलक. किनारा स्वच्छ करण्यात गैर काही नाही. उचललेला कचरा तोलून, वर्गवारी करून, कोणत्या नाल्यातून आला याचा माग काढून तो तक्ता नगरपालिकेपुढे ठेवला तर ते संशोधन. नाही तर तो श्रमदानाचा कार्यक्रम. क्रमवारीचा अर्ज मात्र दोन्हींना सारखेच गुण देण्याच्या बेताचा असतो.

यापुढची कसोटी जवळच आली आहे. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. बारा मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना आता प्रवेशपत्र लागते, प्रखर दिव्यांच्या उजेडातील आणि जोडट्रॉलरची मासेमारी निषिद्ध आहे, आणि नियमांचा भर सहकारी संस्थांवर आहे. कोणत्या क्षेत्रात किती नौकांना प्रवेशपत्रे द्यायची हे ठरवायला साठ्याचे अंदाज लागतील आणि ते दरवर्षी सुधारावे लागतील. त्याही पलीकडे, राष्ट्रीय हद्दींबाहेरील सागरी जैवविविधतेचा करार १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वाक्षरी केली आहे. त्या कराराच्या सभांत बोलण्यासाठी विधिज्ञ दिल्लीत पुष्कळ मिळतील. स्पंज, कृमी किंवा खोल पाण्यातला खेकडा हातात घेऊन त्याची जात सांगणारे वर्गीकरणशास्त्रज्ञ मात्र विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांतून एकेक करून निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा रिक्त राहत आहेत. त्या भरण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी प्रश्न विचारायचा झाल्यास तो कोणत्या मंत्रालयाकडे पाठवावा, हे सचिवालयाला पुन्हा एकदा ठरवावे लागेल.